ल्युबेनचं खरं निघालं

दूरची एक दीर्घिका लहान दीर्घिका गिळत गिळत मोठी झाली, असं ल्युबेन म्हणायचा. एकाच प्रचंड वायुढगातून ती घडली, असं स्नेझाना. या वादापायी सोफियातल्या वेधशाळेत शेजारच्या खोल्यांत बसूनही दोघं बावीस वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत.

नव्या दुर्बिणीच्या निरीक्षणांत स्नेझाना चुकल्याचं स्पष्ट झालं. तिला ना राग आला, ना रडू. घरी भाजलेली बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पोळी, डब्यात भरून ती ल्युबेन राहत असलेल्या वृद्धाश्रमात गेली आणि त्याच्या पलंगाशी बसून म्हणाली, "ल्युबेन, तुझंच खरं निघालं रे."

त्याने तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं. मग दाराकडे नजर टाकून तो हळूच म्हणाला,


"बाई, आमच्या स्नेझानाला एवढ्यात सांगू नका हं. फार मनाला लावून घेते ती."