आरशासारखी रांग

"पुन्हा तुझ्याच रांगेत गं बाई!" थोरली जाऊ पलीकडच्या रांगेतून ओरडली.

धाकटीनं मान वर केली नाही. तिला आधीच दिसलं होतं. तिच्या चकचकीत सौर पॅनलवर मूठभर तपकिरी पिसांचा गोळा पडला होता. छोटासा पाणपक्षी. मान मोडलेली. असे किती उचलले, हे मोजणं तिनं कधीच सोडून दिलं होतं. तिनं त्याला पदरात घेतलं, कुंपणाकडेला खड्ड्यात ठेवलं, वर माती लोटली आणि परत येऊन काच पुसली. आधी ओलं फडकं, मग रबरी वायपर, मग कोरडं फडकं. डाग गेला.

तिचं खरं नाव सौर प्रकल्पावर कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला 'आरसा' म्हणायचे. कामावरच्या बायका सकाळी तिच्या पॅनलमध्ये बघून केस सारखे करायच्या! आणि थोरली? तिची रांग बघितली की वाटायचं, कुणीतरी मांजराच्या शेपटीनं पुसलीय. इकडे एक फराटा, तिकडे एक फराटा, मधे धुळीचे पट्टे जसेच्या तसे.

"माझ्याकडे बघ, एक चिमणी मरत नाही," थोरली कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आळशी माणसाच्या दारी मरणसुद्धा फिरकत नाही."

धाकटीनं सुपरवायझरला दोनदा सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, "कोल्ह्यानं मारलं असेल, नाहीतर तारेला धडकलं असेल. उचलायचं आणि टाकायचं. साहेब येतील तेव्हा मात्र एक पीस दिसता कामा नये."

साहेब आजच येणार होते. पॅनल पुसणाऱ्यांतली एक बाई आज कायम होणार होती. कोण होणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. कायम झालं की घरच्यांचं औषधपाणी प्रकल्पाकडे. धाकटीचा नवरा जुन्या कोळशाच्या वीजकेंद्रात राख उपसायचा. आता तो घरात बसून खोकायचा, आणि खोकला थांबला की ती जास्तच घाबरायची. म्हणून तर ही बिनधुराची वीज तिला जिवापाड आवडायची. एकेक पॅनल ती अशी पुसायची, जणू त्याच्या छातीवरूनच हात फिरवतेय.

पूर्वी इथे काहीच नव्हतं, असं साहेब म्हणायचे. काहीच नव्हतं म्हणजे गवत होतं. गवतात तित्तिर होते, ससे होते, खोलगट भागात पाणी साचायचं. सासरची गुरं इथेच चरायची. धाकटीनं हे साहेबांना कधी सांगितलं नाही. तिला विचारतंय कोण?

नुकतंच उजाडलं होतं. तेवढ्यात डोक्यावर पंखांची फडफड झाली.

आणखी एक आला. या खेपेला तिनं डोळ्यांनी पाहिलं. मागे कोल्हा नव्हता, वाटेत तार नव्हती. पक्षी अगदी खुशीत खाली उतरला, छाती पुढे काढून. आणि धप्प! काचेवर आपटला, घसरला, तिच्या पायाशी येऊन पडला.

जिवंत होता! उठायला गेला आणि कलंडला. पुन्हा उठला, पुन्हा कलंडला. त्याचे पाय शरीराच्या पार मागे होते, घाईगडबडीत कुणीतरी भलत्याच जागी लावल्यासारखे.

"पाय मोडला बिचाऱ्याचा," थोरली धावत आली.

कुंपणावर कावळे जमायला लागले होते. त्याला ठेवायचं कुठे? धाकटीला काही सुचेना. तिनं त्याला सरळ पाण्याच्या बादलीत सोडलं.

आणि तो लंगडा पोहायला लागला! नुसता पोहला नाही, बुडी मारली, दुसऱ्या कडेला वर आला आणि 'काय बघताय?' अशा थाटात डोकं झटकलं.

"अगं बाई, नाटकी कुठला!" थोरली खो खो हसली. "हा तर ठणठणीत आहे! जेवणाच्या सुट्टीत गावच्या तळ्यावर सोडून येऊ याला."

धाकटी हसली नाही. ती बादलीत बघत होती. पाण्यात राखाडी आभाळ होतं, एक लांबट ढग होता. तिनं आपल्या रांगेकडे पाहिलं. तिथेही तेच आभाळ, तोच ढग. बादलीतल्यापेक्षाही नितळ. मग तिनं थोरलीच्या रांगेकडे पाहिलं. तिथे आभाळ नव्हतंच. नुसते धुळीचे पट्टे.

खड्ड्यातले सगळे तिला एकदम आठवले. त्यांनाही इथे पाणीच दिसलं असणार.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. "आरसा!" सुपरवायझर लांबूनच ओरडला. "साहेब आधी तुझीच रांग बघणार आहेत! शेवटचा एक हात मार!"

तिनं कोरडं फडकं उचललं. कानात नवऱ्याचा खोकला घुमला. बादलीत पक्षी गोल गोल फिरत होता.

"अगं, बघत काय बसलीस? पूस ना!" थोरली कळवळून म्हणाली. "निदान भावजींचा तरी विचार कर!"

"त्यांचाच करतेय. त्यांच्या छातीत राख भरली, ती तरी कुणी मुद्दाम भरली होती?"

गाडीची धूळ जवळ आली. धाकटीनं फडकं थोरलीपुढे धरलं.

"जाऊबाई, मला तुमच्यासारखं पुसायला शिकवा."