एका गाडीत दोन पक्ष

“पिशवीचं सील तपास,” डेलमार म्हणाला.

“तपासलं,” आर्लिस म्हणाली.

आठ वर्षांत भावाबहिणीत एवढंच बोलणं उरलं होतं. निवडणूक जवळ आली की आयोवातल्या त्यांच्या काउंटीत हे काम निघे. वृद्धाश्रमांत अंथरुणाला खिळलेल्यांपर्यंत मतपत्रिका न्यायच्या, त्यांनी भरल्या की निवडणूक कचेरीत पोचवायच्या. काम दोघांनी करायचं आणि ते दोघे विरुद्ध पक्षांचे असायला हवेत, असा नियम. पिशवी क्षणभरही एकाच पक्षाच्या हाती राहता कामा नये. एकाला लघवीला लागली तरी दोघांनी पिशवीसकट गाडीतून उतरायचं.

आजची शेवटची फेरी होती. डेलमारने घर विकलं होतं. पुढच्या आठवड्यात तो लेकीकडे ऑरेगनला कायमचा निघाला होता. त्याचं वय एकाहत्तर, आर्लिस शहात्तरची. आता भेट व्हायची ती कुणाच्या तरी दफनाला, आणि ते बहुधा दोघांतल्याच एकाचं असणार. तिला त्याला घरी जेवायला बोलवायचं होतं. फार बोलवायचं होतं. त्याने फक्त एकदा म्हणायला हवं होतं, “चुकलो, आर्लिस.”

भांडण झालं तेव्हा दोघं एकाच पक्षात होती, बापासारखी आणि आजोबांसारखी. त्यांच्या पक्षातून निवडून आलेल्या शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, तुरुंगातले कैदी नेऊन तळ्याकाठच्या आपल्या बंगलीवर छप्पर घालून घेतलं होतं. पक्षाच्या वार्षिक जेवणात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि सगळे मान खाली घालून हॅम चावत होते. डेलमार उठला. “हेच त्यांच्या शेरीफने केलं असतं तर आपण गाव डोक्यावर घेतलं असतं,” तो म्हणाला. “आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!” आर्लिस तेव्हा पक्षाची सचिव होती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, “आपल्या माणसाला उघडं पाडतो तो आपला नव्हे. जा तिकडेच.”

त्यानंतर तिने त्याला दार उघडलं नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो ॲपल-पाय घेऊन दाराशी उभा राहिला, तेव्हा ती आत पडद्यामागे उभी होती. त्याची पत्रं तिने न फोडता परत पाठवली. तिथे मतदार यादीत नावापुढे पक्षाचाही रकाना असतो; वसंतात त्याच्या नावापुढे दुसरा पक्ष लागलेला तिने पाहिला. “बघा, मी म्हटलंच होतं,” असं तिने गावभर सांगितलं आणि मग घरी जाऊन रडली.

त्याच वर्षी कचेरीने या कामाला त्याला तिच्या जोडीला दिलं. तिला नाही म्हणता आलं असतं. पण म्हटलं नाही. गुडघे बोलू लागले तरी ती दर पानगळीला आपलं नाव देत राहिली. ते दोन आठवडे त्याचा खोकला ऐकू यायचा. थर्मासचं झाकण तो अजून पँटलाच पुसतो, हे दिसायचं. भाऊ म्हणून तेवढाच तो तिच्या वाट्याला उरला होता.

धान्याची कोठारं मागे पडली. कचेरी पंधरा मैलांवर राहिली. आर्लिसने पर्समधून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. तीन दिवस ती ते जवळ बाळगून होती. आताचा शेरीफ डेलमारच्या पक्षाचा होता आणि त्याने मेव्हण्याच्या बागेतली सफरचंदं कैद्यांकडून तोडून घेतली होती. तिने बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली.

“बोल आता,” ती म्हणाली. “घाल पांघरूण. तुमचाच माणूस आहे.”

“वाचलंय मी. घालवायला हवा त्याला.”

“हे इथं गाडीत म्हणतोयस. तुमच्या लोकांत म्हण की!”

“म्हटलं ना. मंगळवारच्या जेवणात उठून म्हटलं. मला सांगितलं, आपला माणूस आहे, खाली बस.” डेलमार हसला. “हॅमसुद्धा तसाच वातड होता गं.”

आर्लिसला हसू येत होतं आणि ते तिला नको होतं. तिने कात्रणाची घडी घातली, पुन्हा उलगडली. तेव्हाचं छप्पर आणि आत्ताची सफरचंदं. यात फरक काय, हे तिला स्वतःलाही सांगता येईना. आठ वर्षं तो एकच वाक्य बोलत होता आणि दोन्हीकडून त्याला खालीच बसवत होते. त्याच्याकडून जे ऐकायला ती थांबली होती, ते आता ऐकायला मिळणार नव्हतं. तिला त्याचाच राग आला.

“मग त्यांच्यात राहिलास कशाला इतकी वर्षं?” ती ओरडली. “पटत नव्हतं तर नाव काढायचंस! कुठलाच पक्ष लावला नाही म्हणून इथं कुणी फासावर नाही देत!”

“तेच करायला गेलो होतो. आपल्या पक्षातून नाव काढून रकाना कोरा ठेवणार होतो.”

“मग?”

डेलमारने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली. स्टिअरिंगवरचे हात त्याने काढले नाहीत.

“तू दार उघडत नव्हतीस, आर्लिस. कोऱ्या माणसाला या कामावर घेत नाहीत. आणि तुझ्याच पक्षात राहिलो असतो, तर मला तुझ्या शेजारी बसू दिलं नसतं.”