काकूंची कात्री

म्हातारा सकाळपासून गप्प होता. वायरमनला धडकी भरली होती ती त्याचीच.

म्हातारा म्हणजे घरातलं कुणी वडीलधारं नव्हे. वायरमनच्या उजव्या कानात राहणारा तो आवाज, दुसऱ्या कुणाला ऐकू न येणारा. उठता-बसता उद्धार करायचा आणि शेवटी एकच पालुपद लावायचा, ‘जा. जा एकदाचा.’ त्याच्या शिव्या आता अंगवळणी पडल्या होत्या. पण मागे एकदा तो असाच मुका झाला होता, आणि त्याच संध्याकाळी मेहुण्याने वायरमनला गच्चीवरून धरून खाली आणलं होतं.

आज तर वायरमनची परीक्षाच. असेच आवाज ऐकू येणाऱ्यांचा गट तो पहिल्यांदा एकट्याने चालवत होता. त्याला हे काम शिकवणाऱ्या ताई दाराशी खुर्ची टाकून बघत होत्या. त्यांनी बजावून ठेवलं होतं, “आवाज खरा की खोटा, या वादात पडायचं नाही. तो काय म्हणतो, ते विचारायचं. आणि कुणी उठून निघालं तर अडवायचं नाही. जन्मभर सगळ्यांनी यांना अडवलंच आहे.”

गटातल्या, शिवणकाम करणाऱ्या काकू एरवी पदराने डोळे पुसत बसायच्या. आज मात्र त्यांचा चेहरा कसा निवळला होता.

“माझे आवाज गेले हो,” त्या म्हणाल्या. “सगळं चिडीचूप. इतकं हलकं वाटतंय!”

टाळ्या पडल्या. “काकू, पार्टी लागू झाली!” कुणीतरी ओरडलं.

“पार्टी कसली मेली! हे घे.” काकूंनी पिशवीतून आपली मोठी कात्री काढली आणि शेजारी बसलेल्या, गटातल्याच रिसेप्शनिस्टच्या मांडीवर ठेवली. “तुला शिवण शिकायचंय ना? धार लावून आणलीय.”

“अगं बाई! आणि तुम्हाला?”

“मला कशाला आता?”

सगळे हसले. कागद कापायला मागितली तरी अंगावर येणाऱ्या काकू!

वायरमन त्या कात्रीकडे बघत राहिला. त्या संध्याकाळी गच्चीवर जाण्याआधी त्यानेही आपला टेस्टर आणि पक्कड शेजाऱ्याला देऊन टाकली होती. अशीच, हसत हसत.

काकू उठल्या. चपला सरकवल्या. “जाते हं,” म्हणाल्या. ‘येते’ नाही म्हणाल्या.

वायरमनने ताईंकडे पाहिलं. ताईंनी हलकेच मान हलवली. अडवायचं नाही. त्यांनी आपली खुर्चीही वाटेतून बाजूला घेतली. काकूंचा हात कडीवर गेला.

तेवढ्यात उजव्या कानात कुणीतरी खाकरलं. म्हातारा रुसला नव्हता. तो इतका वेळ ऐकत बसला होता.

“ऊठ,” तो म्हणाला. “जाऊ देऊ नकोस तिला.”