देवाची मर्जी

देवळाची पालखी मिरवणुकीत कुणाच्या दारावर आदळली, तर देवाची मर्जी म्हणून गप्प बसायचं, असा गावचा रिवाज. म्हणूनच गेन्जिरो सकाळपासून भोयांना साके पाजत होता.

"त्या हातानाकाच्या दुकानाची काच राहता कामा नये, कळलं?"

"अहो, शेजारी आहे तो," बायको म्हणाली.

"तू ओत गं मुकाट्यानं! तुझी अक्कल कुणी विचारलीय?"

लग्नापासून ऐकत आलेलं हे वाक्य मित्सुएनं आजही चारचौघांत हसून गिळलं.

संध्याकाळी पालखी हातानाकाच्या दारापर्यंत गेली, गर्रकन फिरली आणि गेन्जिरोच्याच दुकानाची काच फोडून आत घुसली.

"देवाची मर्जी, दादा!" भोई ओरडले. गेन्जिरोला गप्प बसावंच लागलं.



"बरोब्बर बसली ना, वहिनी?" एकानं हळूच विचारलं. मित्सुएनं त्याचा पेला काठोकाठ भरला.