बिनआवाजी कॅमेरा

"बिनआवाजी कॅमेरा हाय, आजी. फोटो कवा निघाला, तुमाला पत्ताबी लागणार न्हाई," सेलूचा फोटोग्राफर राजशेखर छाती फुगवून म्हणाला. उद्या आपण गेल्यावर हार घालायच्या फोटोत आपण हसरं दिसावं, एवढी एकच इच्छा चन्नबसम्मा आजीची राहिली होती.

पहिल्या फोटोत मीटरनं पांढऱ्या पदराचाच उजेड मोजला अन् आजीचं तोंड कोळशासारखं काळं आलं. मग राजशेखरनं मीटर तोंडावर धरून फोटोमागं फोटो काढले, पर आजी आपली ताठ, गाल फुगवलेले, डोळे वटारलेले.

"आजी, हसा की जरा!"

आजीचे डोळे पांढरे व्हायला लागले तशी सून ओरडली, "अवो दादा, खटका वाजल्याबिगर आत्याबाई दम सोडत न्हाईत! जुन्या स्टुडिओतली सवय हाय त्यांची. जीव जाईल की!"

घाबरलेल्या राजशेखरनं तोंडानंच "खटॅक!" केलं. आजीनं दम सोडला, त्याच्याकडं बघितलं अन् जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर खळखळून हसली. त्यानं गडबडीनं कॅमेरा उचलून बटण दाबलं.



या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी लेन्सच्या बाजूला असते, त्यामुळं लेन्सपुढं काय आलंय ते तिच्यातनं दिसत नाही; लेन्सवर राजशेखरचं बोट होतं अन् फोटोत तेवढंच आलं.