मंगळवारचा उपास

“पाचव्या षटकातच गौतमीला दम लागतो,” राज्याच्या शिबिरातल्या प्रशिक्षकबाई फोनवर म्हणाल्या. “मंगळवारी ती काही खातच नाही. रोज अंडी, डाळ, पोटभर जेवण हवं. नाहीतर राज्याचा संघ विसरा.”

आई घाबरली. लेक जिल्ह्याच्या संघातून राज्याच्या संघात जावी म्हणून तीच देवीला नवस बोलली होती, की निवड होईपर्यंत पोर मंगळवारचा उपास धरील. आता नवस मोडायचा कसा?

देवळात गुरवकाका समई पुसत होते. सगळं ऐकून म्हणाले, “नवस बोललं कोण?”

“मी.”

“मग पोरीला कशाला उपाशी मारतेस? तू धर की उपास!”

पुढच्या मंगळवारी गौतमीने शिबिरात चार अंडी खाल्ली आणि आई घरी उपाशी राहिली. महिन्याभराने निवडीच्या सामन्यात गौतमीचं दहावं षटक पहिल्याइतक्याच वेगात पडलं. निवड झाल्याची बातमी दुपारीच घरी पोचली.

संध्याकाळी तिचा फोन आला. “आई, आता मंगळवारी जेवत जा. नवस फिटला.”

“फिटला ना. म्हणून तर मघाशी भारताच्या संघाचा बोलून आले,” आई म्हणाली. “तू जेवलीस का?”