विमलाची पाळी

“रत्ना, आजपण स्वयंपाकाचं तूच बघ गं. विमला बाजूला बसलीय,” सासूबाई भागुबाई देवघरातून म्हणाल्या.

रत्नाबाईंनी पळी कढईवर आपटली. परत? अहो, आत्ता मागच्या आठवड्यातच तर बसून झाली!

इंदिरानगरच्या त्या घरात वर-खाली दोन भाऊ राहायचे, पण चूल एकच. दोघी जावांनी स्वयंपाकाचे दिवस आलटून-पालटून वाटून घेतलेले. सासूबाईंचा नियम पक्का होता. देवघर स्वयंपाकघराला लागून, तेव्हा पाळीचे तीन दिवस बाईने आत पाऊल टाकायचं नाही. रत्नाबाईंची पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना सुट्टी म्हणून नव्हती. धाकटी विमला मात्र पन्नाशीला आली तरी तिचं आपलं चालूच. नशीब बाई एकेकीचं!

“आई, या महिन्यात हे दुसऱ्यांदा.”

“असतं एकेकीचं. तू आमटी बघ.”

वर आणखी ताट नेऊन द्यायचं, तेही रत्नाबाईंनीच. विमला पंख्याखाली चटईवर पडली होती. केसांत हातभर मल्लिगेचा, घमघमत्या मोगऱ्याचा गजरा.

“बाजूला बसलेल्या बाईने फुलं माळायची असतात होय गं?”

“वास बरा वाटतो, अक्का,” विमला हसली. “स्वल्प पाणी देतेस?”

रत्नाबाईंनी पाणी दिलं आणि मनातल्या मनात बोटं मोडली. खरी पाळी असती तर फुलांना हात लावला असता हिने? शिवाय ती बारीकही झाली होती. दसऱ्याला शिवलेला ब्लाऊज खांद्यावर लोंबत होता. रंगही उजळला होता. मागे एकदा जेवताना खंडोजीसुद्धा म्हणाले, “विमला बघ कशी बारीक झाली, नाहीतर तू.” स्वतःचा नवराच तो, पण रत्नाबाईंना अशी आग लागली की चार दिवस त्या त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. तीन महिने रात्रीचा भात सोडूनही त्यांचं तसूभर वजन उतरलं नव्हतं.

संक्रांतीनंतर रत्नाबाई जवळच्या दवाखान्यात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून आल्या होत्या. कॅन्सर वेळीच कळतो म्हणून पन्नाशीच्या बायकांना बोलवत होते. रंजिता नर्सने रांगेतल्या सगळ्या बायकांना समजावलं, “पाळी चालू असताना शक्यतो येऊ नका, नमुना नीट मिळत नाही. पाळी सुरू झाल्यापासून दहा-बारा दिवसांनी आलात तर सगळ्यांत बरं.” मग रत्नाबाईंकडे वळून मोठ्यांदा म्हणाली, “तुमची बंद झालीय ना अक्का? तुम्हाला कधीही चालेल.” सगळी रांग ऐकत होती. मेलीला हळू बोलता येत नव्हतं!

घरी येऊन त्यांनी विमलाला सांगितलं ते त्याच रागात. “तुला काय बाई, तू अजून तरणी! तारीख बघून जा. रक्त पूर्ण थांबल्याशिवाय तिथं पाऊल टाकू नकोस, हाकलून देतील.”

“पूर्ण थांबल्यावरच ना, अक्का?”

“हो गं, किती वेळा सांगू?”

त्यानंतर पाच महिने गेले. रंजिताचे तीन फोन आले. तिन्ही वेळा विमलाचं उत्तर एकच, “आज नको, चालू आहे.” रत्नाबाईंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिच्या बसण्याच्या दिवसांवर फुल्या मारायला सुरुवात केली होती. चौथ्या दिवशी न्हाऊन कामाला लागायची, आठवडा गेला की पुन्हा बाजूला. आता एकेका महिन्यात दोन-दोन, तीन-तीनदा फुल्या दिसत होत्या. इतकी पाळी कुणाला येते? खोटं बोलायचं तर निदान हिशेबात तरी बोलावं!

आज सोक्षमोक्षच लावायचा. डॉक्टरच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि आल्या पावली सासूबाईंना सांगायचं.

“ऊठ. दवाखान्यात जायचंय.”

विमला दचकली. “आज? आज कसं गं अक्का? चालू आहे.”

“चालू असू दे. चल.”

विमला भिंतीला धरून उठली. काय ते नाटक! रिक्षात तिने रत्नाबाईंचा हात धरला. तिची बोटं गार होती. रत्नाबाईंनी पदर सारखा करायचं निमित्त करून हात सोडवून घेतला.

डॉक्टर नीला विमलाला आत घेऊन गेल्या. रत्नाबाई बाहेर बसून सासूबाईंना काय सांगायचं याची उजळणी करत राहिल्या. ‘तुमची लाडकी सून पाच महिने लोळत होती, आई.’ हे वाक्य त्यांना फार आवडलं. बऱ्याच वेळाने रंजिताने त्यांना आत बोलावलं. विमला टेबलावर बसून साडी सावरत होती. गजरा उशाशी पडला होता. डॉक्टर हात धूत होत्या.

रत्नाबाईंना राहवेना. “डॉक्टर, पाळी नाहीच ना ही?”

“नाही,” डॉक्टर वळल्या. “ही पाळी नाही.”

रत्नाबाईंचा ऊर भरून आला. पाच महिन्यांच्या दुप्पट स्वयंपाकाचं सार्थक झालं. “ऐकलंस, विमला? मला ठाऊकच होतं!”

डॉक्टर खुर्चीत बसल्या आणि मोठ्या हॉस्पिटलच्या नावे चिठ्ठी लिहू लागल्या. वर लिहिलं, ‘तातडीचे’.

“उद्या सकाळीच जायचं, सरी? कळलं ना? तुकडा काढून तपासतील,” त्या विमलाला म्हणाल्या. “पण इतकं अंगावर जातंय, तर एवढे दिवस आला का नाहीत?”

विमलाने रत्नाबाईंकडे पाहिलं.

“अक्काने सांगितलं होतं, रक्त पूर्ण थांबल्याशिवाय यायचं नाही. संक्रांतीपासून वाट बघतेय, डॉक्टर. पूर्ण थांबतच नाही.”